हेदर: गरीब मातीचं झुडूप

(दृश्य: ऑगस्टची अखेर. स्कॉटलंडमधला केर्नगॉर्म्सचा डोंगराळ भाग. फक्त वाऱ्याचा आवाज.)

कासचं पठार फुलतं, त्याच दिवसांत इथले डोंगर जांभळे होतात. कासवर नाना जातींची फुलं असतात. इथे मात्र हा सगळा पसारा मुख्यतः एकाच सदाहरित झुडपाचा. गुडघ्याएवढी उंची, काटक फांद्या. हे हेदर. शास्त्रीय नाव कॅलुना व्हल्गॅरिस. कॅलुना हे नाव ‘झाडणं’ या अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरून आलं, कारण याच्या फांद्यांच्या केरसुण्या बांधत.

(दृश्य: तळहातावर तीन डहाळ्या.)

लांबून सगळं जांभळं सारखंच दिसतं आणि फसगत तिथेच होते. कारण याच उतारांवर हेदरची दोन भावंडंही वाढतात. तेव्हा फूल नंतर, आधी पान बघा.

ही पहिली डहाळी हेदरची. पान जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचं, खवल्यासारखं. पानांच्या जोड्या समोरासमोर, एकीवर एक चढलेल्या. त्यामुळे कोवळी फांदी चार पदरी वेणीसारखी दिसते. दुसरी डहाळी बेल हेदरची. पानं सुईसारखी, प्रत्येक पेरावर तीन-तीन. ते कोरड्या, खडकाळ उतारावर सापडतं. तिसऱ्या डहाळीवर पानं चार-चार, वरून पाहिलं तर अधिकच्या चिन्हासारखी, अंगावर राखाडी लव. हे क्रॉस-लीव्ह्ड हीथ. ते दिसलं की पाऊल जपून टाका, खाली दलदल असते.

आता फूल. बाकीच्या दोघांचं फूल म्हणजे जुळलेल्या पाकळ्यांची इवलीशी सुरई. हेदरमध्ये रंग मुख्यतः निदलांचा, म्हणजे पाकळ्यांबाहेरच्या दलांचा असतो. चार निदलं पाकळ्यांहून मोठी, तशीच जांभळट, कागदासारखी. ती सुकली तरी गळत नाहीत, म्हणून हिवाळ्यातही हेदर ओळखता येतं.

(दृश्य: घरामागची बाग. कुंडी, खुरपं, पावसाच्या पाण्याचं पिंप.)

युरोपात राहणारी आपली मंडळी हौसेनं हेदर आणतात आणि आपल्या सवयीप्रमाणे बुंध्याशी खत घालतात. कृपा करून तेवढं करू नका. हेदरची मुळं केसाहून बारीक असतात आणि त्यांच्या पेशींमध्ये एक बुरशी राहते. आंबट, निकृष्ट मातीतलं नत्र हीच बुरशी झाडाला मिळवून देते. जिथे दुसरं काही तग धरत नाही, तिथे हेदर उभं राहतं ते या जोडीच्या बळावर. माती सुपीक झाली, की गवत येतं आणि हेदरला दाबून टाकतं. नेदरलंड्समध्ये हे मोठ्या प्रमाणावर घडलं: गुराढोरांच्या शेणामुतातून हवेत गेलेलं नत्र माळांवर उतरलं आणि हेदरच्या जागी गवत माजलं. ते गवताळ माळ पाहून मला खरंच वाईट वाटतं.

माती आम्लधर्मी हवी, सामू (पीएच) साधारण 4.5 ते 5.5. चुना याचा वैरी. चुनखडीच्या जमिनीत मुळांना लोह मिळत नाही आणि पानं पिवळी पडतात. नळाचं पाणी जड, म्हणजे चुन्याचं असेल तर पावसाचं साठवून घाला. जागा भरपूर उन्हाची, पाणी न साचणारी. पहिला उन्हाळा मात्र माती सुकू देऊ नका. जमीन चुन्याचीच असेल, तर हेदर कुंडीत लावा किंवा आल्प्सकडचं एरिका कार्निया निवडा. ते थोडा चुना सोसतं आणि ऐन हिवाळ्यात फुलतं.

(दृश्य: मार्च. कात्री आणि सुकलेले तुरे.)

छाटणी दरवर्षी, वसंताच्या तोंडाशी. सुकलेल्या तुऱ्यांच्या लगेच खाली, हिरवी पानं आहेत तिथेच कात्री लावा. त्याखालच्या उघड्या, तपकिरी लाकडात कापलंत तर तिथून सहसा फुटवा येत नाही. छाटणी टाळली तर झुडूप मधोमध उघडं पडतं आणि फांद्या जमिनीवर लोळतात.

(दृश्य: वाकलेली फांदी, तिच्यावर दगड.)

पण लोळणारी फांदीही कामाची. तिचा मधला भाग आम्लधर्मी मातीत दाबा, वर एक दगड ठेवा, टोक उघडं राहू द्या. हे आपलं दाब कलमच. वर्षभरानं दगड उचला आणि फांदी हलकेच ओढून बघा. ती मातीला धरून राहिली, तर खाली मुळं आली आहेत. आता ती आईपासून कापून वेगळी लावता येईल.