मोठे कृष्णधवल प्रिंट : आधी कागद, मग प्रिंटर

मोठा कृष्णधवल प्रिंट काढायचा म्हटलं की चौकशी प्रिंटरची सुरू होते. माझं म्हणणं असं, की आधी कागद ठरवा. काळा किती गडद उतरणार, हे सर्वांत जास्त कागदाच्या हातात असतं.

मॅट, म्हणजे बिनचमकीच्या सुती कागदावर, उदाहरणार्थ हानेम्यूले कंपनीच्या ३०८ ग्रॅमच्या फोटो रॅगवर, सर्वांत गडद काळ्याची घनता (काळेपणाचं माप) साधारण १.६ ते १.७ भरते. चांगल्या बरायटा कागदावर, म्हणजे बेरियम सल्फेटचा थर दिलेल्या, किंचित चमकदार कागदावर ती २.३ च्या आसपास किंवा वर जाते. हे माप लॉगॅरिदमिक आहे, म्हणजे आकडा थोडा वाढला तरी काळेपणा कितीतरी पट वाढतो. ०.७ चा फरक म्हणजे बरायटावरचा काळा भाग मॅटवरच्या काळ्याच्या एक-पंचमांशच प्रकाश परावर्तित करतो. म्हणून रात्रीचं दृश्य किंवा ओला कातळ असेल तर बरायटा घ्या. धुकं, वाळू, फिक्या राखाडीचे बारीक फरक यांना मॅट शोभतो, आणि त्यावर दिव्याची चमकही येत नाही. चित्र साध्या काचेमागे जाणार असेल, तर काचेवरचं प्रतिबिंब हा फरक बराचसा खाऊन टाकतं. मग केवळ गडद काळ्यासाठी महाग बरायटा घेण्यात अर्थ नाही.

अतिशुभ्र कागदांत प्रकाशाने चमकणारी रसायनं असतात. ती कालांतराने निष्प्रभ होतात आणि कागद पिवळसर दिसू लागतो. संग्रहासाठीच्या कामाला ती नसलेलाच कागद घ्यावा.

आता प्रिंटर. रंगीत शाया मिसळून केलेला राखाडी दिव्यागणिक रंग बदलतो : खिडकीपाशी हिरवट, बल्बखाली गुलाबी. म्हणून काळ्याखेरीज किमान दोन राखाडी शाया असलेलं पिगमेंट यंत्र (रंगाचे बारीक कण असलेली शाई वापरणारा प्रिंटर) हवं. १७ इंच रुंदीपर्यंत एप्सन पी९०० किंवा कॅनन प्रो-१००० पुरतात. त्याहून रुंद काम नेहमीचं असेल तर २४ इंची रोलचं यंत्र. एप्सनच्या ड्रायव्हरमध्ये (संगणकावरून प्रिंटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) कृष्णधवलसाठी वेगळा मोड आहे. तो मुख्यतः काळ्या-राखाडी शायांवर चालतो, रंगीत शाई नावापुरती वापरतो. तो वापरताना फोटोशॉपमध्ये रंगनियंत्रण प्रिंटरकडे सोपवा.

चुका बहुधा कागदाचा प्रकार निवडताना होतात. मॅट कागदाला चुकून ग्लॉसीची सेटिंग दिली तर चमकदार कागदांसाठीची ‘फोटो ब्लॅक’ शाई पडते आणि काळा भाग करडा, मेलेला दिसतो. उलट बरायटावर मॅट कागदासाठीची ‘मॅट ब्लॅक’ शाई गेली तर ती मुरत नाही. वरच बसते आणि बोट लावलं की निघते.

जाड कागदाची कड वर वळली की शाई फवारणारं हेड तिला घासतं आणि कडेला काळे ओरखडे उमटतात. रोलमधून कापलेला ताव आधी उलट गुंडाळून सपाट करा, ड्रायव्हरमध्ये हेडचं अंतर वाढवा. कोरड्या हवेत कडा जास्त वळतात. खोलीतली आर्द्रता ४० ते ६० टक्के ठेवा.

पूर्ण ताव घालण्यापूर्वी २१ पायऱ्यांची राखाडी पट्टी छापा. शेवटच्या तीन-चार गडद पायऱ्या एकमेकींत मिसळल्या, तर फाइलमधल्या सावल्या उचलाव्या, म्हणजे थोड्या उजळ कराव्या लागतील. मग चित्राचा सर्वांत अवघड तुकडा, अंतिम आकाराच्याच प्रमाणात, त्याच कागदाच्या पट्टीवर छापा. २४ तास वाळू द्या आणि प्रिंट जिथे लागणार त्याच प्रकाशात पाहा. फ्रेमही एवढं वाळल्यावरच करायची, नाहीतर शाईतून निघणारी वाफ काचेच्या आतल्या बाजूला धुरकट थर धरते.