झोपेतच गेला

सकाळी हाक मारली, ओ आली नाही. दार उघडलं तर बिछान्यात पालथा, तोंड उशीत. अंगावर जखम नाही. फिट येण्याचा आजार होता, पण त्याने माणूस असा जातो, हे घरात कधी कोणी सांगितलेलंच नव्हतं.

अपस्मार असलेल्या दर 1000 प्रौढांमागे वर्षाला साधारण 1 जण असा जातो. मुलांमध्ये दर 4500 मागे 1. याला नाव आहे: ‘सुडेप’, म्हणजे अपस्मारातला अचानक, अनपेक्षित मृत्यू.

आता प्रेत कोरोनरच्या, म्हणजे अचानक झालेल्या मृत्यूचा तपास करणाऱ्या अधिकाऱ्याच्या, ताब्यात. शवविच्छेदनात फुप्फुसं जड लागतात, कधी जीभ चावलेली दिसते. जीव नेमका कशाने गेला, ते मात्र सापडत नाही. मग मृत्यूच्या दाखल्यावर ‘हृदय बंद पडलं’ असं लिहिलं जातं. हृदय कोणाचं बंद पडत नाही?

2013 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. रुग्णालयात मेंदूच्या लहरींची नोंद चालू असतानाच काही रुग्ण दगावले होते. त्या नोंदींत क्रम स्पष्ट दिसला: सर्वांगाला मोठा झटका, मग श्वास थांबला, हृदय त्यानंतर.

म्हणजे शवविच्छेदनात मृत्यूचं दुसरं कारण न सापडणं हाच इथे पुरावा. पण तो एकटा पुरत नाही. प्रेत हलवण्याआधीचा फोटो लागतो. पालथा होता का? चादर ओली होती का? शेवटची फिट कधी आली, रात्री यायची का, गोळ्या चुकल्या होत्या का? रक्तातलं औषध आणि विष, दोन्ही तपासावं लागतं. पहिल्या तासात हे विचारलं नाही, तर बिछाना आवरला जातो आणि साक्ष संपते.

2012 च्या व्याख्येनुसार शवविच्छेदन झालेलं असेल तरच ‘निश्चित सुडेप’ म्हणता येतं. ते झालं नसेल, तर फार तर ‘संभाव्य’. फिट येऊन पाण्यात बुडालेला माणूस यात मोजत नाहीत. तरी त्याच्याही दाखल्यावर अपस्मार लिहिलेला हवाच, आणि तोच बऱ्याचदा राहून जातो.

रोगांच्या आंतरराष्ट्रीय यादीच्या दहाव्या आवृत्तीत सुडेपला स्वतंत्र क्रमांक नाही. दाखल्यावर हा शब्द नसेल, तर नंतर आकडे मोजणाऱ्याला तो मृत्यू शोधूनही सापडत नाही.

अमेरिकेतल्या वैद्यकीय मृत्यू-तपासनिसांच्या राष्ट्रीय संघटनेने 2018 मध्ये अशा मृत्यूंचा तपास आणि नोंद कशी व्हावी, हे लिहून काढलं. कागद तयार आहे. रात्रपाळीला फोन उचलणाऱ्याने तो वाचलाय का, हे ज्या त्या कचेरीत जाऊनच विचारावं लागेल.