राजधानीला नको असलेली बातमी

(सातारा येथे व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

श्रोतेहो, काल कार्यक्रम संपल्यावर एका तरुणाने मला मंडपाच्या दारातच गाठलं. म्हणाला, "सर, उद्या तुम्ही अमेरिकेच्या मुत्सद्देगिरीच्या ऱ्हासावर बोलणार आहात. पण ऱ्हास दिसतोय कुठे? विमानवाहू जहाजं आहेत, डॉलर आहे, तिथून एक फोन आला की अजून जग हलतं." प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मी वॉशिंग्टनपासून नाही, आपल्या साताऱ्यापासून सुरू करणार आहे.

पेशवाई बुडाल्यावर कंपनी सरकारने साताऱ्याची गादी ठेवली आणि शेजारी आपला माणूस बसवला, जेम्स ग्रँट डफ. त्याने दप्तरं चाळली, बखरी गोळा केल्या आणि पुढे मराठ्यांचा इतिहास लिहिला. त्याच्यानंतर जॉन ब्रिग्ज आला. हे लोक आपलं भलं करायला आले नव्हते, राज्य करायला आले होते. पण ते इथे राहिले, भाषा शिकले. कोणाचं वतन कशावर टिकलंय, कोणाचा मान कुठे दुखावतो, हे त्यांना कळत होतं.

१८३९ साली प्रतापसिंह महाराजांवर कटाचा आळ घेऊन त्यांना पदच्युत केलं आणि काशीला पाठवलं. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले. सुमारे चौदा वर्षं राहिले. इंग्रजी शिकले, कंपनीच्या भागधारकांपुढे उभे राहिले, अर्जांवर अर्ज केले. आणि त्या सभेत महाराजांच्या बाजूने बोलणाऱ्यांमध्ये एक होता हाच ब्रिग्ज, साताऱ्याचा माजी रेसिडेंट, म्हणजे दरबारातला कंपनीचा प्रतिनिधी. ज्याने हे गाव पाहिलं होतं, तो सांगत होता की तुम्ही चूक करताय. ऐकलं नाही.

१८४८ साली प्रतापसिंहांचे धाकटे भाऊ, त्यांच्यानंतर गादीवर बसलेले आप्पासाहेब महाराज वारले. मरणापूर्वी त्यांनी दत्तक घेतला होता. दत्तक मान्य करा, राज्य खालसा करू नका, असं मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज क्लार्क यांचं मत होतं. साताऱ्यात बसलेल्या बार्टल फ्रियरचंही तेच. गव्हर्नर-जनरल डलहौसीने सातारा खालसा केलाच. नऊ वर्षांनी, ८ सप्टेंबर १८५७ रोजी, इथल्या गेंडामाळावर कंपनीविरुद्धच्या बंडासाठी सतरा जणांना देहदंड दिला गेला. त्यांत रंगो बापूजींचा मुलगा सीताराम होता. रंगो बापूजी स्वतः निसटले, ते पुन्हा कोणाला दिसले नाहीत. चौदा वर्षं ज्याने कायद्याने, कागदाने, विनंतीने दाद मागितली, तो शेवटी बंडाच्या वाटेला लागला. ही वाट त्याला लंडनने दाखवली. गेंडामाळावरून जाताना मला दर वेळी हे आठवतं.

आता १९७१. ढाक्यात, तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात, अमेरिकेचा महावाणिज्यदूत होता आर्चर ब्लड. २५ मार्चच्या रात्री पाकिस्तानी लष्कराने कत्तल सुरू केली. ब्लड आणि त्याचे सहकारी तारांमागून तारा पाठवत राहिले. वॉशिंग्टन गप्प. ६ एप्रिलला त्याच्या कचेरीतून एक तार गेली, तिच्यावर वीस जणांच्या सह्या. आपल्या सरकारने नैतिक दिवाळखोरी दाखवली आहे, असे शब्द त्या तारेत होते. नोकरीत असलेल्या माणसांनी आपल्याच सरकारला हे लिहिलं! आणि हे लिहिण्यासाठी अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यात तेव्हा नुकताच अधिकृत मार्गही ठेवलेला होता. मतभेद असेल तर वरिष्ठाला डावलून थेट वर लिहा. अशी सोय स्वतःहून करणारं राष्ट्र मोठंच म्हणायचं, हे मी मनापासून सांगतो.

पण अध्यक्ष निक्सन आणि त्यांचे सुरक्षा सल्लागार किसिंजर यांना पाकिस्तानचे लष्करशहा याह्याखान हवे होते, कारण चीनचा दरवाजा त्यांच्यामार्फत उघडत होता. जुलैमध्ये किसिंजर पोटदुखीचं निमित्त करून पाकिस्तानातून गुपचूप पेकिंगला, म्हणजे आजच्या बीजिंगला गेले. ब्लडला ढाक्यातून उचलून वॉशिंग्टनमध्ये कर्मचारी विभागाच्या टेबलाशी बसवलं. ऑगस्टमध्ये भारताने सोव्हिएत रशियाशी करार केला. डिसेंबरमध्ये अमेरिकेचं विमानवाहू जहाज 'एंटरप्राइज' बंगालच्या उपसागराकडे निघालं, आणि १६ तारखेला ढाका पडलं.

इथे माझे एक मित्र मला अडवतात. म्हणतात, किसिंजरने तर परराष्ट्र खात्याला बाजूला सारूनच चीनशी संबंध जोडले. मग खातं हवंच कशाला? मुद्दा वजनदार आहे, आणि चीनचं यश मी नाकारत नाही. पण त्या यशाची दक्षिण आशियातली किंमत कोणी भरली? १९७४च्या ऑक्टोबरमध्ये किसिंजर दिल्लीत आले. समोर परराष्ट्रमंत्री म्हणून बसले होते आपले यशवंतराव चव्हाण, देवराष्ट्र्यात जन्मलेले, कऱ्हाडात वाढलेले. भारत-अमेरिका संयुक्त आयोगाच्या करारावर दोघांनी सह्या केल्या. चारच महिन्यांत अमेरिकेने पाकिस्तानवरची शस्त्रबंदी उठवली आणि चव्हाणांनी ठरलेला वॉशिंग्टन दौरा पुढे ढकलला. एक पिढी लागली तो अविश्वास पातळ व्हायला. अजून पुरता गेलेला नाही.

पैसा ओतला की मैत्री होते, असंही नाही. साठच्या दशकात पीएल ४८० या अमेरिकेच्या धान्यमदत कायद्याखाली अमेरिकन गहू आला, रेशनवर लाल मिलो ज्वारी आली. माझ्या आईने त्या रांगा धरल्या होत्या. त्या धान्याने माणसं जगली, हे विसरणं कृतघ्नपणा होईल. पण अध्यक्ष जॉन्सन यांनी जहाजं महिन्या-महिन्याच्या हिशेबाने सोडली, आणि त्याचं एक कारण म्हणजे व्हिएतनाम युद्धाविरुद्ध भारत बोलत होता. लोकांनी गहू खाल्ला आणि अपमान लक्षात ठेवला.

ब्लडसारखी माणसं गप्प केली की काय होतं, याचा सर्वांत कडू दाखला व्हिएतनामचाच आहे. १९४९मध्ये चीन कम्युनिस्टांकडे गेला. जॉन सर्व्हिस, जॉन पॅटन डेव्हिस यांच्यासारखे अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यातले अधिकारी आधीपासून लिहीत होते की चीनचे तेव्हाचे राज्यकर्ते च्यांग काय-शेक टिकणार नाहीत. भाकीत खरं ठरलं. त्याची शिक्षा म्हणून, सिनेटर मॅकार्थीने सगळीकडे कम्युनिस्ट शोधायला सुरुवात केली त्या काळात, हे लोक संशयाखाली घालवले गेले. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे १९५७ साली सर्व्हिसला परत घ्यावं लागलं, पण वर्षं गेली ती गेलीच. पुढे व्हिएतनामचा निर्णय घेताना आशिया जाणणारी माणसं खोलीत नव्हती. हे माझं मत नाही. त्या युद्धातले संरक्षणमंत्री मॅक्नमारा यांनीच १९९५ साली तसं लिहिलं. अमेरिकेचे अठ्ठावन्न हजार सैनिक मेले. व्हिएतनामी किती मेले, ते लाखांत मोजावं लागतं.

आता आजचं. १ जुलै २०२५ रोजी यूएसएड ही परदेशांना मदत देणारी, १९६१ सालची अमेरिकन संस्था बंद झाली. त्याच महिन्यात परराष्ट्र खात्याने एका दिवसात तेराशेहून अधिक लोकांना घरी पाठवलं. परदेशातल्या वकिलातींच्या संख्येत चीन अमेरिकेच्या थोडा पुढे गेला आहे. लोवी इन्स्टिट्यूट या ऑस्ट्रेलियातल्या अभ्याससंस्थेच्या २०२४च्या मोजणीत चीनच्या २७४, अमेरिकेच्या २७१. तीनचा फरक काही नाही, असं कोणी म्हणेल, आणि आकड्यापुरतं ते बरोबर आहे. मला काळजी वाटते ती खुर्चीवर कोण बसलंय याची. आणि हे एकाच पक्षाचं पाप नाही. बायडेन यांच्या काळात, जानेवारी २०२१ ते मार्च २०२३, दिल्लीत अमेरिकेचा कायम राजदूतच नव्हता. ऑगस्ट २०२५मध्ये भारतीय मालावर पन्नास टक्के आयातशुल्क लागलं, तेव्हाही ती खुर्ची रिकामी होती. आपल्या भागातल्या निर्यातदाराची अडचण, शेतकऱ्याचा राग, दिल्लीतल्या मंत्र्याच्या बोलण्यातली धार, हे सगळं वजनदार आवाजात व्हाइट हाऊसला कळवणारं कोण होतं?

कालच्या त्या तरुणाने आणखी एक विचारलं होतं, ते सांगायलाच हवं. "आणि ब्लड चुकीचा असता तर?" असू शकतं. दूर राहून माणूस त्या देशाचाच होऊन जातो, तिथल्या लोकांवर माया जडते, नजर एकांगी होते. म्हणून तर राजधानीत दुसरी माणसं लागतात, दहा ठिकाणच्या तारा शेजारी-शेजारी ठेवून वाचणारी. निर्णय त्यांनी घ्यावा, वेगळाही घ्यावा. पण तार वाचण्याआधीच पाठवणाऱ्याची बदली ठरत असेल, तर पुढचा अधिकारी काय लिहील? वरच्यांना आवडेल तेच.

आणि आपणही हे फक्त तमाशा म्हणून पाहू नये. भारताच्या परराष्ट्र सेवेत सारे मिळून सुमारे हजार अधिकारी आहेत, एवढ्या मोठ्या देशाला. समोर स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी बरीच मुलं-मुली बसली आहेत, त्यांतले काही उद्या ढाका, काठमांडू, कोलंबो इथे जातील. तिथून त्यांना एखादी नकोशी बातमी लिहावी लागेल.

ब्लड २००४ साली वारले. ढाक्यातल्या अमेरिकन ग्रंथालयाला आज त्यांचं नाव आहे.

प्रश्नांसाठी वीस मिनिटं आहेत. पहिला प्रश्न कालच्या त्या मुलाचा. आलाय ना तो?