पॉजचं बटण न दाबलेली कॅसेट

(दृश्य: टेबलावर कॅसेट, बारीक स्क्रू-ड्रायव्हर)

नव्वद मिनिटांची कॅसेट, कुणीतरी घरी रेडिओवरून भरलेली. अशा जुन्या कॅसेटमधला आवाज आम्ही संगणकात उतरवून जपतो. पाच स्क्रू काढले की खोकं उघडतं. आधी बघायचा तो हा फेल्टचा इवलासा तुकडा. फीत हेडला, म्हणजे फितीवरचा आवाज वाचणाऱ्या भागाला, टेकवून ठेवणं एवढंच त्याचं काम. गोंद सुकला की तो गळून पडतो, आवाज कोंदटतो, आणि घरचे म्हणतात रेकॉर्डिंग गेलं. बहुतेक वेळा गेलेलं नसतं. दोन्ही चक्र्या फितीसकट शाबूत फेल्टच्या नव्या खोक्यात बसवायच्या.

(दृश्य: डेकचं हेड, शेजारचा स्क्रू)

आता हा स्क्रू. रेकॉर्डिंग झालं तेव्हा त्या डेकचं, म्हणजे टेपरेकॉर्डरचं, हेड ज्या कोनात होतं, तोच कोन इथे जुळवायचा. अगदी हलकेच. ऐका.

(निवेदन थांबतं. मूळ आवाज, 10 सेकंद)

सतार आत्ता मोकळी झाली. हे काम कानानं, इथेच करायचं. एकदा फाईल झाली की कुठलंही सॉफ्टवेअर ते तितकं नीट करत नाही. मग आवाज संगणकात उतरवायचा, बारीकसारीक तपशिलासकट: 24 बिट, 96 किलोहर्ट्‌झ. तासाच्या फितीला तासच लागतो.

(दृश्य: कव्हरवर पेन्सिलीनं ‘बुधवार, गीतमाला’)

1952 साली बा. वि. केसकर केंद्रात नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळपास हद्दपार झालं. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. त्याच वर्षी डिसेंबरात तिथे ‘बिनाका गीतमाला’ हा सिनेगीतांचा कार्यक्रम सुरू झाला. निवेदक अमीन सयानी बोलायचे मुंबईत, टेप जायची कोलंबोला, आणि तिथून शॉर्टवेव्हवर तोच आवाज पुन्हा मुंबईत! आकाशवाणीची विविध भारती आली 3 ऑक्टोबर 1957 ला. घरोघरी रेकॉर्डिंग मात्र बरंच पुढचं, कॅसेट आल्यानंतरचं.

(दृश्य: संगणकावर आवाजाचा आलेख, मध्ये तुटलेला)

इथे बघा, कापलंय. निवेदक बोलायला लागला की लोक पॉज दाबायचे. त्यांना गाणं स्वच्छ हवं असायचं. पण गाणं तबकडीवर आहेच. तबकडीवर नाही ते निवेदन, फर्माईश करणाऱ्यांची गावं, मधल्या जाहिराती. म्हणून बटण दाबायचा आळस केलेल्या माणसाची कॅसेट आम्हाला सर्वांत मोलाची.

आणि ही शॉर्टवेव्हची खरखर, मधेच विरणारा आवाज? राहू द्या. ज्यांना गुळगुळीत ऐकायचंय त्यांच्यासाठी वेगळी प्रत करू, मूळ फाईलला हात लावायचा नाही.

(दृश्य: कपाटातल्या कॅसेटच्या रांगा)

ध्वनिमुद्रणावरचा हक्क 60 वर्षं, प्रसारणावरचा 25. त्यामुळे यातलं बरंचसं सर्वांसाठी खुलं करता येत नाही.

(दृश्य: कव्हरवरच्या तारखा, जवळून)

तुमच्या माळ्यावर अशी कॅसेट असेल तर उत्साहानं जुन्या प्लेअरमध्ये घालू नका, फीत गुंतते. आणि कव्हर टाकून देऊ नका. कार्यक्रम कुठल्या दिवशीचा, हे कित्येकदा त्या पेन्सिलीवरूनच कळतं.