कण्यावरचे दुसरे नाव

(दृश्य : हुतात्मा चौकाजवळचा पदपथ. विक्रेता ताडपत्री सोडून पुस्तके मांडतो आहे.)

हुतात्मा चौकाच्या परिसरात जुन्या पुस्तकांचे विक्रेते सकाळी ताडपत्री सोडतात, तेव्हा पुढच्या रांगेत स्पर्धा परीक्षांची मार्गदर्शके आणि व्यवस्थापनाची पुस्तके लागतात. मागे, भिंतीला टेकवलेल्या थप्प्यांमध्ये, मुखपृष्ठावर अंतराळयान असलेल्या बोटभर जाडीच्या पेपरबॅक कादंबऱ्या असतात. या एका थप्पीत 'स्टार ट्रेक' आहे, 'डॉक्टर हू' आहे, 'बॅबिलॉन ५' आहे. दूरचित्रवाणीवरच्या विज्ञानकथा मालिकांतील पात्रे घेऊन, मालिकेच्या मालकांच्या परवान्याने लिहून घेतलेल्या या कादंबऱ्या आहेत. कण्यावर मालिकेचे नाव लांबूनही वाचता येते. लेखकाचे नाव वाचण्यासाठी पुस्तक हातात घ्यावे लागते.

मुंबईत या पुस्तकांचा वाचक ठरलेला आहे. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी 'स्टार ट्रेक' पाहिलेली आणि पुढे उपग्रह वाहिन्यांवर नव्या मालिकांची वाट पाहिलेली ही पिढी. मालिका संपली, किंवा वाहिनीने ती अर्ध्यावरच बंद केली, की त्या पात्रांचे पुढे काय झाले हे कळण्याचा एकच मार्ग उरत असे. तो फोर्टच्या पदपथावरून, माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या पुस्तकांच्या ठेल्यांवरून किंवा दिवसाच्या भाड्याने पुस्तके देणाऱ्या जवळच्या लायब्ररीतून जात असे. या वाचकांपैकी ज्याच्याशी बोलावे तो एकच तक्रार करतो, की पुस्तक उघडताना जितकी उत्सुकता होती, तितकाच ते मिटताना विरस झाला. या विरसाचे कारण लेखकाच्या आळसात किंवा त्याच्या अंगच्या उणेपणात शोधू नये, ज्या अटींवर ही कादंबरी लिहून घेतली जाते त्या अटींत शोधावे, असे आमचे ठाम मत आहे आणि हा माहितीपट त्यासाठीच केलेला आहे.

(दृश्य : दादरमधील एका घराची बैठकीची खोली. जेवणाच्या टेबलावर मांडलेली पुस्तके. एका पानावर कॅमेरा स्थिरावतो.)

दादरच्या या घरी महिन्यातून एकदा पाच-सहा मित्र जमतात. टेबलावरचे हे पुस्तक यजमानांनी शाळेत असताना घेतलेले आहे. पहिल्या पानावर एका लायब्ररीचा जांभळा शिक्का आहे आणि आतील प्रत्येक समासात पेन्सिलीने लिहिलेली टिपणे आहेत. यजमान आधी दूरदर्शनवर भाग पाहत, मग तीच कथा पुस्तकात वाचत आणि जेथे जेथे दोन्ही जुळत नसे तेथे खूण करून ठेवत. या खुणा पाहा. संवाद वेगळे आहेत, घटनांचा क्रम वेगळा आहे, काही कथांची शीर्षकेसुद्धा वेगळी आहेत. पडद्यावर 'चार्ली एक्स' या नावाने आलेली कथा पुस्तकात 'चार्लीज लॉ' आहे, आणि 'द मॅन ट्रॅप' ही 'द अनरिअल मकॉय' झाली आहे. शेजारी, अर्थातच शाळकरी अक्षरात, 'चूक' असे लिहून दोनदा अधोरेखित केलेले आहे.

ती चूक नव्हती. 'स्टार ट्रेक' अमेरिकेत ८ सप्टेंबर १९६६ रोजी सुरू झाली आणि सात कथांचा पहिला संग्रह 'बँटम' या प्रकाशनाने १९६७ च्या प्रारंभीच बाजारात आणला. लेखक होते जेम्स ब्लिश. स्वतःच्या कादंबरीसाठी 'ह्यूगो' हा विज्ञानकथांचा मानाचा पुरस्कार मिळवलेला हा मोठा विज्ञानकथाकार होता. पुस्तक मालिकेच्या मागोमाग दुकानात यायचे, तर भाग प्रक्षेपित होईपर्यंत थांबून चालणार नव्हते. त्यामुळे ब्लिश यांच्या हाती आल्या त्या पटकथा, त्याही पुष्कळदा चित्रीकरणाआधीच्या कच्च्या खर्ड्यांच्या रूपात. नटांनी काय केले, दिग्दर्शकाने काय कापले, शीर्षक केव्हा बदलले, यांतले काही त्यांच्यापर्यंत पोहोचण्याचा मार्गच नव्हता. दूरदर्शनसमोर बसून ती कथा पाहिलेल्या दादरच्या मुलाला जो ढिसाळपणा वाटला, तो वेळापत्रकाचा परिणाम होता, आणि ते वेळापत्रक लेखकाने आखलेले नव्हते.

घरोघरी व्हिडिओ येण्यापूर्वी अशा पुस्तकांचे काम निराळेच होते, हेही येथे सांगितले पाहिजे. 'डॉक्टर हू' ही मालिका बीबीसीने १९६३ साली सुरू केली. तिच्या कितीतरी जुन्या भागांच्या टेपा पुढे पुसल्या गेल्या आणि साठच्या दशकातील नव्वदहून अधिक भाग हरवले. १९७३ पासून 'टार्गेट' या प्रकाशनाने या कथा कादंबरीरूपात काढल्या. मालिकेचे पटकथा संपादक राहिलेले टेरन्स डिक्स यांनी एकट्याने त्यांतल्या साठाहून अधिक लिहिल्या. आज टेबलावर डाव्या बाजूला दिसणारी ही किरकोळ जाडीची पुस्तके म्हणजे त्या हरवलेल्या भागांतील कथांच्या जतन झालेल्या मोजक्या रूपांपैकी एक आहेत. त्यांच्याविषयी मित्रांत कोणाची तक्रार नाही, कारण त्यांनी जे द्यायचे कबूल केले तेवढे दिले.

(दृश्य : 'स्टार ट्रेक' कादंबरीचे आतले पान. बोट स्वामित्वहक्काच्या ओळीवर थांबते.)

तक्रार सुरू होते ती मालिकेत नसलेली, नवी कथा सांगू पाहणाऱ्या कादंबरीपासून. या पानावरील स्वामित्वहक्काची ओळ नीट पाहावी. हक्क लेखकाच्या नावे नाही, पॅरामाउंट या चित्रपट कंपनीच्या नावे आहे. अशी कादंबरी कशी तयार होते, ते क्रमाने पाहिले तर पुढचे सारे समजते. लेखक आधी काही पानांचा आराखडा लिहून देतो. प्रकाशनाचा संपादक तो तपासतो, त्यानंतर तो परवाना देणाऱ्या कंपनीच्या कार्यालयात जातो, आणि तेथून होकार आला तरच लेखन सुरू होते. पूर्ण झालेले हस्तलिखित पुन्हा त्याच वाटेने जाते आणि पुन्हा त्याच्यावर शेरे पडतात. हे सारे ठरलेल्या मुदतीत उरकायचे असते. मालिका त्या वेळी चालू असेल, तर पुढच्या हंगामात पटकथाकारांनी काय योजले आहे हे कादंबरीकाराला बहुधा माहीत नसते. पुस्तक छापून येईपर्यंत मालिकेने एखाद्या पात्राला बढती दिलेली असते, किंवा मारलेले असते, आणि नवी कोरी कादंबरी पहिल्याच दिवशी खोटी ठरते.

या सगळ्या अटींच्या वर एक मोठी अट असते. कादंबरीच्या शेवटी पात्रे सुरुवातीला होती तशीच, जेथल्या तेथे राहिली पाहिजेत. कोणी कायमचे मरायचे नाही, लग्न करायचे नाही, नोकरी सोडायची नाही, असे काही शिकायचे नाही की पुढच्या आठवड्याच्या भागात ते दिसावे लागेल. तीनशे पानांत कितीही उलथापालथ झाली तरी शेवटच्या प्रकरणात पाटी पुसून द्यायची. कादंबरी हा प्रकार माणसातल्या बदलावर उभा असतो, आणि नेमका तोच येथे निषिद्ध आहे. वाचकाला हे करारनामा न वाचताही जाणवते. दादरच्या या मित्रांपैकी एकाने सांगितले, की दहा-बारा पुस्तकांनंतर ते नायकाच्या जिवावर बेतलेला प्रसंग चाळून पुढे जाऊ लागले, कारण नायक जिवंत राहणार हे त्यांना ठाऊक असे. हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर काय होते, ते आपण पाहिलेच.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस हा फास आणखी आवळला गेला. 'स्टार ट्रेक'चे जनक जीन रॉडनबेरी यांच्या कार्यालयाने कादंबऱ्यांची छाननी कडक केली. एका लेखकाने निर्माण केलेले पात्र दुसऱ्याच्या कादंबरीत येऊ नये, एका पुस्तकाचा धागा दुसऱ्यात चालू राहू नये, असा आग्रह धरला गेला. त्याआधी, १९८४ मध्ये, जॉन एम. फोर्ड यांनी 'द फायनल रिफ्लेक्शन' या कादंबरीत क्लिंगॉन या शत्रुजमातीची रीतभात, त्यांचे खेळ आणि घराण्यांचे राजकारण त्यांच्याच बाजूने उभे केले होते. पुढे दूरचित्रवाणीने क्लिंगॉनांचे वेगळेच चित्र रंगवले आणि फोर्ड यांचे जग बाजूला पडले. या घरातील प्रत हाताळून इतकी जीर्ण झाली आहे की तिचा कणा चिकटपट्टीने बांधलेला आहे.

(दृश्य : टेबलाच्या दुसऱ्या टोकाला वेगळी ठेवलेली पुस्तके.)

ही थप्पी मुद्दाम वेगळी ठेवलेली आहे. अट सैल झाली की याच प्रकारातून काय निघते, याचा पुरावा या थप्पीत आहे. १९८१ साली व्हॉन्डा मॅकिन्टायर यांनी 'द एन्ट्रॉपी इफेक्ट' लिहिली. 'स्टार ट्रेक'च्या मूळ मालिकेत सुकाणूवर बसणाऱ्या सुलू या अधिकाऱ्याला केवळ आडनाव होते. पहिले नाव देण्याची गरज कोणाला वाटली नव्हती. मॅकिन्टायर यांनी त्याला हिकारू हे नाव दिले, त्याला स्वतःच्या जहाजाची आकांक्षा दिली, आणि दहा वर्षांनी, १९९१ च्या चित्रपटात, सुलू स्वतः कप्तान असताना, ते नाव पडद्यावर उच्चारले गेले. एका परवानाधारक पेपरबॅकमधून मालिकेच्या जगाने आपल्या माणसाचे नाव घेतले. हे पान समासातील पेन्सिलीसह पडद्यावर दिसते आहे, आणि या वेळी तेथे 'चूक' लिहिलेले नाही.

'बॅबिलॉन ५' ची गोष्ट अधिक बोलकी आहे. या मालिकेचे वैशिष्ट्यच असे, की तिची पाच वर्षांची एकसलग कथा जे. मायकेल स्ट्रॅझिन्स्की यांनी आधीच योजली होती. मालिका चालू असताना, १९९५ पासून, 'डेल' प्रकाशनाने कादंबऱ्या काढल्या आणि चाहत्यांचा मोठा हिरमोड झाला, कारण ज्या जगात प्रत्येक घटनेचे परिणाम वर्षानुवर्षे उमटतात, त्या जगातल्या या कादंबऱ्यांचा कशावरच परिणाम होत नव्हता. खुद्द स्ट्रॅझिन्स्की यांनी त्या नऊ पुस्तकांपैकी नववे मालिकेच्या इतिहासाचा अधिकृत भाग मानले आणि सातवे बहुतांशी मान्य केले. बाकीच्यांना तो मान दिला नाही. हे नववे पुस्तक १९९७ चे, कॅथरिन ड्रेनन यांचे. पहिल्या हंगामानंतर मालिकेतून गेलेला सिंक्लेअर हा मुख्य अधिकारी मधल्या काळात कोठे होता आणि काय करत होता, या मालिकेने मोकळ्या सोडलेल्या प्रश्नाचे उत्तर त्यात आहे. ड्रेनन या स्ट्रॅझिन्स्की यांच्या तेव्हाच्या पत्नी होत्या आणि त्यांनी मालिकेचा एक भागही लिहिला होता. पुढची दिशा त्यांना माहीत होती, म्हणून त्यांना खऱ्या घटना घडवता आल्या. नंतरच्या त्रयींसाठी स्ट्रॅझिन्स्की यांनी स्वतः आराखडे पुरवले आणि तक्रारीचा सूर बदलला.

'डॉक्टर हू' च्या बाबतीत तर मालिका बंद पडणेच लेखकांच्या पथ्यावर पडले. १९८९ मध्ये बीबीसीने ती थांबवली. १९९१ पासून 'व्हर्जिन' प्रकाशनाने नव्या कादंबऱ्या सुरू केल्या, आणि त्यांनी ज्यांचे पूर्वी काहीच छापले गेलेले नाही अशा चाहत्यांचीही हस्तलिखिते स्वीकारली. पुढच्या आठवड्याचा भागच नव्हता, त्यामुळे त्याच्याशी जुळवून घेण्याचा प्रश्न नव्हता. नायक काळवंडला, सोबतची माणसे दुखावली, बदलली, निघून गेली. टेबलाभोवतीच्या मित्रांपैकी एकाला हा नायक अजूनही पटलेला नाही, आणि त्यांचे म्हणणे आम्ही मुद्दाम कापले नाही, कारण बदल नको असणारा वाचकही मालकांच्या त्या अटीला बळ देत असतो. पण या लेखकांमध्ये रसेल टी. डेव्हिस होते, ज्यांनी २००५ मध्ये मालिका पुन्हा उभी केली. पॉल कॉर्नेल होते, ज्यांची १९९५ ची 'ह्यूमन नेचर' ही कादंबरी २००७ मध्ये त्यांच्याच पटकथेवरून दोन भागांत पडद्यावर आली.

(दृश्य : कपाटाचा सर्वांत खालचा खण. तीन जाड पुस्तके.)

२००१ पासून 'स्टार ट्रेक' च्या कादंबऱ्यांनाही अशी मोकळीक मिळाली होती. जुन्या मालिका संपल्यावर लेखकांनी एकमेकांचे धागे पुढे नेत जवळजवळ वीस वर्षे सलग इतिहास रचला. २०२० मध्ये पिकार्ड या कप्तानावरची नवी मालिका आली, तिने तो इतिहास बाजूला ठेवला, आणि २०२१ मध्ये 'कोडा' या त्रयीने लेखकांनी स्वतःच्या हातांनी त्या जगाचा शेवट केला.

दादरचे हे मित्र आता नव्या वाचकांसाठी एक यादी करत आहेत. तिच्यात पुस्तके मालिकेच्या नावाखाली लावलेली नाहीत, लेखकाच्या आडनावाखाली लावलेली आहेत, आणि किंग्ज सर्कलच्या एका विक्रेत्याने आपल्या ठेल्यावरही तशीच मांडणी करून पाहण्याचे कबूल केले आहे. मॅकिन्टायर, फोर्ड, ड्रेनन आणि कॉर्नेल यांच्यावर सर्वांचे एकमत झाले आहे. 'कोडा' यादीत घ्यावी की नाही यावर मात्र चित्रीकरणाच्या दिवशी दुपारपासून वाद चालू होता, आणि दोघांनी तर ती त्रयी विकत घेऊनही अद्याप वाचलेली नाही.