भिंतीचं इरलं

मंडळी, जुन्या गोव्यातलं बॉम जेझूस चर्च डोळ्यांसमोर आणा. लाल, उघड्या चिऱ्यांच्या भिंती, कॅलेंडरवर असतात तशा. १६०५ मध्ये बांधून झालं तेव्हा ते असं दिसत नव्हतं. वर चुन्याचा गिलावा होता. १९५०च्या दशकात, पोर्तुगीज राजवटीतच, तो खरवडून काढला. का, तर वास्तू प्राचीन दिसावी म्हणून! तेव्हापासून ते चिरे पावसात उघडे उभे आहेत आणि झिजताहेत.

जांभा चिरा खाणीतून काढताना मऊ असतो, वाऱ्यावर ठेवला की घट्ट होतो. पण अंगाने भोकाभोकांचा. आणि आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. म्हणून चुन्याचा गिलावा म्हणजे भिंतीचं इरलं. पाणी अडवतो, पण आतल्या ओलीला वाट ठेवतो. सिमेंट म्हणजे घट्ट बटणं लावलेला रेनकोट. ओल जमिनीतून वर चढतेच, बाहेर पडायला जागा मिळत नाही, क्षार चिऱ्यातच साठतात आणि चिऱ्याचा भुगा होतो. वरून भिंत मात्र गुळगुळीत.

हे सगळं मला पाठ होतं, तरी मी चुकलो. फोंडा महालातल्या एका देवळाची अग्रशाळा, म्हणजे भाविकांच्या उतरण्याची जागा, दुरुस्त करायची होती. मंजुरी आली जानेवारीत, पैसे खर्चायचे ३१ मार्चपर्यंत. सत्तरीतला एक मेस्त, म्हणजे गवंडी, शोधून काढला. त्याने हौदात कळीचा चुना विरवला. आठव्या दिवशी मी विचारलं, लावायचा ना? त्याने चिमूटभर चुना बोटांत घोळवला, अंगठ्याने पुसला आणि म्हणाला, "सायबा, चुनो अजून जिवो आसा." म्हणजे आत न विरलेले कण आहेत. किती दिवस लागतील? म्हणाला, पावसाळाभर पाण्याखाली मुरू दे, दिवाळीनंतर लावूया.

दिवाळी! मी त्याला ३१ मार्च समजावून सांगितला. तो ऐकत राहिला. माझ्या सांगण्यावरून चाळून, गुळाचं पाणी घालून, वाळूत कालवून त्याने गिलावा केला. थापीचा हात असा, की बघत राहावं. मे महिन्यात भिंतीवर देवी आल्यासारखे फोड आले. मागे राहिलेले कण ओल पिऊन फुगले आणि गिलाव्याचे टवके उडवून बाहेर आले. मेस्त आला, पाहिलं, काही बोलला नाही. ते न बोलणं मला जास्त लागलं.

नार्व्याचं सप्तकोटेश्वराचं देऊळ आपण सगळ्यांनी पाहिलंय. शिवाजी महाराजांनी ते १६६८ मध्ये पुन्हा बांधायला लावलं. दारावरचा शिलालेख पुढच्या वेळी नीट वाचा. शके १५९०, कार्तिक वद्य पंचमी, 'देवालयस्य प्रारंभः'. प्रारंभाची तिथी आहे, काम संपवायची नाही! आणि महिना बघा, कार्तिक. पाऊस सरलेला, भिंत वाळायला पुढे मोकळे सात महिने. हा योगायोगही असेल, पण मेस्ताला सांगितलं तर तो एवढंच म्हणेल, मग दुसरं कधी करणार?

कारागीर मिळत नाहीत, असं आपण म्हणतो. मेस्ताच्या घरात दोन मुलगे आहेत. एक टॅक्सी चालवतो, दुसरा टाइल्स बसवतो. दुसऱ्याचे हात बापासारखेच. पण टाइल्सचे पैसे संध्याकाळी हातात पडतात आणि मुरणाऱ्या चुन्यावर चार महिने पाणी राखण्याची मजुरी कुठल्याच अंदाजपत्रकात नसते. मग त्याने शिकावं कशासाठी?

त्या भिंतीचा गिलावा आम्ही पुन्हा केला, मेस्ताच्या वेळापत्रकाने. त्यानंतरच्या प्रत्येक अंदाजपत्रकात मी एक ओळ घालतो: 'चुना मुरवणे व राखण, एक पावसाळा.' पुढे रक्कम, मेस्ताला विचारून. गेल्या वेळी कागद परत आला तेव्हा त्या ओळीखाली लाल पेनाने रेघ होती आणि बाजूला लिहिलं होतं, 'एकक काय?'