पात्याला दोष देण्याआधी फळी बघा

(सुतारकाम शिकणाऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, लाकूड तासायचं, हातात धरायचं विजेवरचं रंधा मशीन नीट चालेनासं झालं की आपल्या तोंडून पहिल्यांदा निघतं, 'पाती गेली.' मग नवी जोडी आणतो, बसवतो, आणि फळीवर तोच खड्डा पुन्हा पडतो. मी हे केलेलं आहे. सुरुवातीच्या काळात दाराच्या सागवानी पट्ट्या रंधताना प्रत्येक पट्टीच्या शेवटच्या चार बोटांत खळगा पडायचा. दोनदा पाती बदलली, पट्ट्या वाया गेल्या आणि ते लाकूड मला भरून द्यावं लागलं. धार पहिल्यापासून उत्तम होती. पाती गरजेपेक्षा जास्त बाहेर आलेली होती, एवढंच.

असं का होतं, ते नीट समजून घ्या, कारण बाकीचं बरंचसं त्यातच आहे. आपलं नेहमीचं मशीन 82 मिलिमीटर रुंदीचा काप घेणारं. खाली दोन बेस, म्हणजे लाकडावर टेकणारे सपाट तळ, मध्ये फिरता ड्रम, त्यावर समोरासमोर दोन पाती. पुढचा बेस वर-खाली होतो, त्यावर कापाची खोली ठरते. मागचा बेस पक्का असतो आणि तो नुकत्याच कापलेल्या भागावर टेकतो. म्हणून पात्याची धार सर्वांत बाहेर येते ती जागा आणि मागचा बेस एका पातळीत हवेत. धार त्याहून बाहेर असेल तर मागचा बेस लाकडाला टेकतच नाही, मशीन पुढच्या बेसवर तोललेलं राहतं. फळी संपून पुढचा बेस सुटला, की मशीन खाली बसतं आणि शेवटी खड्डा पडतो. उलट धार आत राहिली असेल, तर कापलेला भाग मागच्या बेसपेक्षा उंच राहतो. बेस त्यावर चढतो, मशीन उचललं जातं, आणि सुरुवातीचा भाग तेवढा खोल दिसतो. सुरुवातीला खड्डा म्हणजे पातं आत, शेवटी खड्डा म्हणजे पातं बाहेर. एवढं लक्षात ठेवलंत तरी बऱ्याच पट्ट्या वाचतील.

तपासायला महाग काही लागत नाही. आधी प्लग काढा. नुसता स्विच बंद करून ड्रमजवळ बोट नेऊ नका, हे मी हात जोडून सांगतो. मशीन उलटं ठेवा, मागच्या बेसवर लाकडाची सरळ पट्टी धरा, तिचं टोक ड्रमच्या वर येऊ द्या, आणि काडीने ड्रम हळूहळू फिरवा. धार पट्टीला नुसती चाटून गेली पाहिजे. पट्टी उचलली गेली तर पातं बाहेर आहे, स्पर्शच झाला नाही तर आत. ड्रमच्या दोन्ही टोकांना बघा आणि दोन्ही पात्यांचं बघा. एका टोकाला लागतं, दुसऱ्याला नाही, म्हणजे पातं तिरकं बसलंय. मग फळीवर एका बाजूने लांब पायरी उमटते.

पातं तिरकं बसण्याचं कारण बहुतेक वेळा भुसा असतो. पात्याच्या बैठकीत भुश्याचा एक कण किंवा चिकाचा पापुद्रा राहिला तरी धार उचलली जाते. चिकाची लाकडं रंधल्यावर तर बैठक घासून साफ केल्याशिवाय पातं बसवूच नये. बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळा. एकच शेवटपर्यंत आवळला तर पातं सरकतं. आणि एकही सैल ठेवू नका. मिनिटाला 16 हजारांच्या आसपास फेरे घेणाऱ्या ड्रमवरून सुटलेलं पातं कुठे जाईल, हे कुणाच्याच हातात नसतं.

फळीवर बारीक आडव्या लाटा दिसल्या तर दोनांपैकी एकच पातं कापतंय का बघा. हिशोब सोपा आहे. 16 हजार फेरे, दोन पाती, म्हणजे मिनिटाला 32 हजार काप. एक मीटरची फळी पाच सेकंदांत पार केली तर दोन कापांतलं अंतर साधारण 0.38 मिलिमीटर येतं. एकच पातं कापत असेल तर ते दुप्पट, पाऊण मिलिमीटर. तिरप्या उजेडात ते हाताला आणि डोळ्याला लगेच कळतं.

उभी, उंचवट्याची सरळ रेघ उठली तर मात्र धारेला खाच पडली आहे. दोन्ही पात्यांना एकाच जागी पडलेली असते, कारण खिळा दोघांनाही भेटतो. जुन्या वाड्यांचे वासे आणि तुळया रंधणाऱ्यांनी आधी लोहचुंबक फिरवावा. तुटलेल्या खिळ्याचं डोकं बाहेरून दिसत नाही. बैठकीत मुभा असेल तर एक पातं केसभर बाजूला सरकवा. एकाची खाच दुसरं भरून काढतं. पातं ड्रमच्या बाहेर मात्र डोकावू देऊ नका.

बोथट धारेची खूण वेगळी. छिलक्यांऐवजी धुळीसारखा भुसा येतो, जोर लावावा लागतो, लाकूड काळवंडतं. सागात सिलिका, म्हणजे वाळूतला कठीण पदार्थ, असल्याने तो धार लवकर खातो, आणि प्लायवूडचा गोंदही. प्लायला कार्बाइडची, म्हणजे पोलादाहून कठीण मिश्रणाची, पाती वापरा. ती दुधारी असतात, एक बाजू गेली की उलटवायची. पात्याला धरून त्याची उंची ठरवणारी पट्टी तुम्ही सैल केली नसेल, तर पुन्हा जुळवणी लागत नाही. हायस्पीड स्टीलच्या, म्हणजे हत्यारांच्या कठीण पोलादाच्या, पात्याला धार लावता येते, पण जोडीला एकसारखी. एक जास्त घासलं गेलं तर ड्रमचा तोल जातो आणि मशीन थरथरतं.

आणि मोटरचा आवाज येतोय, पण लाकडात ड्रम थांबतोय, तर पात्यांना हात लावू नका. मोटरवरून ड्रम फिरवणारा बेल्ट बघा.

इथे टेबलावर चार फळ्या ठेवल्या आहेत. प्रत्येकीवर एकच दोष मुद्दाम पाडला आहे. मशीनचा प्लग काढलेला आहे. पुढे या, फळीवरून हात फिरवा, आणि मशीन उघडण्याआधी मला सांगा, पातं कसं बसलं होतं ते.